हरायची नोकरी

माझ्या बापाची नोकरी हरायची होती. चेष्टेनं सांगत नाही, खरंच तशी होती. धरणाच्या कॉलनीत अधिकाऱ्यांचा क्लब होता, क्लबाच्या मागं गोऱ्या साहेबांनी बांधून ठेवलेलं स्क्वॉशचं कोर्ट होतं, आणि त्या कोर्टावर आबा मार्कर होते. मार्कर म्हणजे कोर्ट झाडणारा, भिंतीवरचे चेंडूचे काळे डाग पुसणारा, पॉइंट मोजणारा, आणि एखाद्या साहेबाला जोडीदार मिळाला नाही की त्याच्याशी खेळणारा माणूस. खेळणारा आणि हरणारा. पण कसंही हरून चालत नसे. नऊ पॉइंटांचा एक गेम, पाचातले तीन गेम घेईल तो जिंकला. आबा हरायचे ते तीन-दोननं. "मार्कर जिंकला तर साहेब दुसऱ्या दिशी येतच न्हाई," आबा सांगायचे. "आन लई सोपं हरला तर साहेबाला गोडी न्हाई. तीन-दोन म्हंजी कसं, घाम बी निघतो आन रातीला झोप बी लागती."

वाटतं तितकं सोपं नाही हं ते. समोरचा ढेरपोट्या असो की तरणाबांड, आबा चेंडू त्याच्या रॅकेटपासून बरोबर दीड पावलावर आणून ठेवायचे. साहेबाला पळाल्यासारखं वाटलं पाहिजे, पण पोचता आलं पाहिजे. पळताना धाप लागली की पुढचा चेंडू जरा हळू. चिडला की एक फुकटचा पॉइंट. मी वरच्या गॅलरीत बसून हे बघत मोठी झाले, आणि मला ठाम खात्री होती की आबांनी एकदा मनावर घेतलं तर पुण्या-मुंबईत त्यांना कुणी हात लावू शकणार नाही. ते मनावर घेत नव्हते, एवढंच. पोरींना बापाबद्दल असं काहीतरी वाटतच असतं, पण मला ते जरा जास्तच वाटायचं.

मी स्वभावानं पहिल्यापासून उतावळी. "हिच्या पायाला भिंगरी हाय," आई म्हणायची, "हिला जेवाय बी उभ्यानंच पायजे." आई गेस्ट हाऊसच्या चादरी धुवायची. आमचं मूळ गाव भरे. तिथं वाट्याला आलेल्या तुकड्यात कुणाचंच पोट भरत नव्हतं, म्हणून आबा बारा वर्षांचे असताना चेंडू गोळा करायला इकडं आले आणि इथलेच झाले. आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खिडकीतून धरणाचं पाणी. पाहुणे यायचे आणि म्हणायचे, काय शांत वाटतं हो इथं. मला कधी वाटलं नाही. अडवून ठेवलेलं पाणी ते, शांत कसलं डोंबलाचं!

मी तेरा वर्षांची असताना कॉलनीत नवे मोठे साहेब बदलून आले. त्यांच्या बायकोला स्क्वॉश शिकायचा होता. आता आली पंचाईत. स्क्वॉशचं कोर्ट म्हणजे चारी बाजूंनी भिंती आणि मागं एक बुटका दरवाजा. त्यात साहेबीणबाईंनी मार्करबरोबर एकटीनं तासभर राहायचं, हे त्या काळी कॉलनीच्या पचनी पडणारं नव्हतं. साहेब डोकं खाजवायला लागले तेव्हा आबाच म्हणाले, "माझी पोरगी हाय की. तिला येतंय थोडंफार." थोडंफार काय, मी चोरून रोज खेळत होते, आणि आबांना ते माहीत होतं. पुढं मी आयुष्यभर या खेळावर पोट भरलं. राज्याकडून खेळले, पगार घेऊन मुली शिकवल्या, अजून शिकवते. हिंजवडीच्या उंच इमारतींमधल्या पोरी मला मॅम म्हणतात. पण पगारी खेळाडू मी तेराव्या वर्षीच झाले, त्या दिवशी.

मॅडम वाईट बाई नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवते. मुंबईच्या होत्या. पांढरी सलवार-कमीज घालून यायच्या, केसांना रुमाल बांधायच्या आणि आल्या आल्या माझ्या गालाला हात लावून म्हणायच्या, "काय गं चिमणे, आज हरवणार का मला?" मी मान खाली घालून हसायचे. पहिले सहा महिने त्यांच्या रॅकेटला चेंडूच लागत नव्हता. बाळाला घास भरवावा तसा मी तो त्यांच्यासमोर नेऊन ठेवायचे. हळूहळू त्यांना जमायला लागलं. मग त्या जिंकायला लागल्या. म्हणजे मी जिंकवायला लागले. घरी आलं की आबा विचारायचे, "किती?"

"तीन-दोन."

"पाचवा गेम?"

"नऊ-सात."

"शाबास."

शाळेत गणितात पैकीच्या पैकी मिळाले तेव्हासुद्धा आबांनी असं शाबास म्हटलं नव्हतं. मला त्याचा अभिमान वाटायचा. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, पण तेव्हा वाटायचा.

मी सोळा वर्षांची झाले त्या हिवाळ्यात गेस्ट हाऊसवर एक गृहस्थ राहायला आले. लष्करातून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशा, पाठ ताठ. दुपारी मी एकटीच भिंतीवर चेंडू बडवत होते ते त्यांनी गॅलरीतून पाहिलं आणि रॅकेट घेऊन खाली आले. आम्ही खेळलो. पहिले दोन गेम मी घेतले, मग सवयीनं तीन दिले. त्यांनी रुमालानं मान पुसली आणि माझ्याकडं असं पाहिलं, की मला वाटलं, झालं, आता आबांकडं तक्रार जाणार.

"पोरी, शेवटचे तीन गेम तू मला दान दिलेस," ते म्हणाले.

मी म्हटलं, "न्हाई जी."

"खोटं बोलू नकोस. पुण्यात राज्याच्या संघाची निवड असते, तिथं ये. पण तिथं दानधर्म चालत नाही."

ते आबांशीही बोलले. संघात चार मुली घेतात. एकदा संघात आली की एका बँकेत खेळाडूंच्या जागेवर हिला चिकटवायचं मी बघतो, असा शब्द त्यांनी दिला. मुलींचा स्क्वॉश तेव्हा इतका थोडका होता, की अख्ख्या राज्यातून दहा-बाराच जणी यायच्या. आबा नाही म्हणाले नाहीत. "जाऊ दे तिला," आईला म्हणाले, "पर शनवारचा मॅडमचा खेळ चुकाय नगं." आईला हे सगळं थेर वाटत होतं. तिच्या माहेरी कोळवणला तिच्या भावाचा मुलगा होता, जीपवर ड्रायव्हर. तो तिच्या डोळ्यांपुढं होता.

मला बँकेची नोकरी हवी होती, पण तेवढंच नव्हतं. मला एकदा जिंकायचं होतं. कुणालातरी पूर्ण हरवायचं होतं, आणि हरवल्यावर त्याची माफी मागितल्यासारखा चेहरा करायचा नव्हता. ही भूक इतकी होती की रात्री पाय आपोआप हलायचे आणि शेजारी झोपलेली आई लाथ बसली म्हणून ओरडायची.

पहिल्या वर्षी आम्ही एसटीनं गेलो. पौड, पिरंगुट करत गाडी पुण्यात पोचली. क्लब लष्कर भागात होता. मुलींच्या आया थर्मास घेऊन बसल्या होत्या. माझे कॅनव्हासचे बूट खडूनं पांढरे केलेले, त्यामुळं पळालं की पाऊल उमटायचं. निर्णायक सामन्यात मी दोन गेम सहज घेतले. तिसऱ्यात समोरची मुलगी दमली. गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, धापा टाकायला लागली, आणि माझा हात सैल पडला. मी ठरवलं नव्हतं हो! देवाशपथ नव्हतं ठरवलं. पण समोरच्याची धाप ऐकू आली की माझा चेंडू आपोआप हळू जायचा, बरोबर दीड पावलावर. हरले. तीन-दोन.

दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. दोन-शून्य पुढं, आणि मग तीन-दोन. लोक म्हणाले, मुलगी घाबरते. घाबरत बिबरत काही नव्हते मी. घाबरणाऱ्याचा हात आखडतो. माझा तर मायेनं मऊ व्हायचा. परत येताना एसटीत मी बसलेच नाही. दांड्याला धरून उभी होते आणि डाव्या हातानं स्वतःच्याच उजव्या दंडाला चिमटे काढत होते. पिरंगुटला एक म्हातारी म्हणाली, "अगं बाय, बस की हितं." मी तिच्यावरही खेकसले.

घरी पोचल्यावर मी आबांवर तुटून पडले.

"तुमी मला उलटा खेळ शिकवला!"

आबा भाकरी खात होते. त्यांनी घास गिळला. "उलटा न्हाई. आपला शिकवला."

"मंग आता सुलटा शिकवा. माझ्याशी खेळा. खरं खेळा, मला हरवा."

"कशापायी?"

"मला बघायचंय तुमी खरं कसं खेळता ते."

आबांनी ताट बाजूला सारलं. "मार्कर जिंकाय लागला का कोर्टाला कुलूप लागतं, पोरी," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले. मला वाटलं, बाप केवढा खेळ पोटात लपवून बसलाय आणि मला त्यातला घासभरही देत नाही. महिनाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही. आई दोघांच्या मध्ये निरोप्यासारखी: "तुझ्या बापाला म्हणावं चहा निवतुया."

मग पावसाळा लागला. आमच्याकडचा पाऊस म्हणजे चार महिने सूर्याचं तोंड दिसायचं नाही. कोर्टाच्या भिंतींना घाम फुटायचा, चेंडू भिंतीवरून निसटायचा, आणि आबा दाराला कुलूप लावून साहेबांच्या पत्त्यांच्या टेबलाकडं चहा नेऊन द्यायचं काम करायचे. एरवी मी या चार महिन्यांत पिसाळायची बाकी असायचे. त्या वर्षी मी किल्ली घेतली. आईकडून गेस्ट हाऊसच्या फाटक्या चादरी मागितल्या आणि त्यांनी समोरची भिंत पुसायची, दहा मिनिटं खेळायचं, की भिंत पुन्हा ओली, की पुन्हा पुसायची. बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा मागच्या कोपऱ्यात ठेवला. तिथं कुठलाच साहेब कधी पोचला नसता. त्या डब्यावर चेंडू मारायचा. डबा वाजला की एक. दिवसाला शंभरदा डबा वाजल्याशिवाय घरी जायचं नाही, असा पण केला. आबा एकदा आले, डबा उचलला आणि बाहेर ठेवला. "कोर्टात कचरा नगं," म्हणाले. ते गेल्यावर मी तो परत आत आणला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर. असं आठवडाभर चाललं, मग त्यांनीच नाद सोडला.

त्या चार महिन्यांत मॅडम कोर्टावर आल्या नाहीत, आणि तेच माझ्या पथ्यावर पडलं. चार महिने माझ्या हातानं कुणालाच घास भरवला नाही. हळूहळू त्याला विसर पडायला लागला.

दसऱ्याला कोर्ट उघडलं. मॅडम आल्या त्या उड्या मारतच. "अगं, एक गंमत सांगू? यंदा मीही येणार आहे पुण्याला, निवडीला. वयाची अट नाही म्हणे. साहेब म्हणाले, जा की! तू जातेस, मग मी का नको? मी तर तुला हरवते!"

त्या दिवशीही मी तीन-दोननं हरले, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. घरी येऊन आबांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. आई तेवढी फिस्सकन हसली. "करा आता! बापलेकीनी मिळून बाईला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आता उतरवा खाली." आई बरोबर बोलत होती. पाच वर्षं आम्ही दोघांनी घाम गाळून एक खेळाडू तयार केली होती, जी मुळात नव्हतीच.

तरी मला वाटलं होतं, पहिल्याच फेरीत त्या बाद होतील आणि प्रश्न मिटेल. कसलं काय. दिवाळीनंतर आम्ही पुण्याला गेलो ते मॅडमच्याच जीपमधून. "एसटीनं कशाला? चला माझ्याबरोबर," असा त्यांचा प्रेमळ हट्ट. पहिल्या फेरीत त्यांच्यासमोरची मुलगी तापानं आलीच नाही. दुसऱ्या फेरीत एक शाळकरी पोर मिळाली, तिला रॅकेट पेलत नव्हती. मी माझ्या फेऱ्या जिंकत गेले, एका ठिकाणी अडखळले. संघातल्या तीन जागा ठरल्या. चौथ्या जागेचा सामना फळ्यावर लिहिला तेव्हा त्यात दोन नावं होती: मॅडम आणि मी.

सामन्याआधी आबा मला नळापाशी घेऊन गेले. त्यांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता आणि तो त्यांना काचत होता.

"एक गेम दे तिला," ते हळूच म्हणाले.

"काय?"

"एकच. तीन-एकनं जिंक. बाईला घरी जाऊन तोंड दावाय पायजे. सपशेल पाडलंस तर तिला कळंल. आन तिला कळलं म्हंजी..." पुढचं मला कळत होतं. मॅडमना कळलं म्हणजे साहेबांना कळणार. पाच वर्षांचं माझं, आणि तीस वर्षांचं आबांचं. कॉलनीत आजवर जो जो साहेब घाम पुसत, छाती काढून बंगल्यावर गेला, त्या प्रत्येकाचं जिंकणं खोटं ठरणार.

"आबा, एक गेम दिला तर माझा हात परत येत न्हाई," मी म्हटलं. "तुमाला म्हाईत हाय."

ते नळ बंद करत राहिले. नळ बंदच होता.

कोर्टात शिरल्यावर मॅडमनी नेहमीसारखा माझ्या गालाला हात लावला. पहिल्या गेममध्ये मी पाच-शून्य पुढं गेले. त्यांना काही समजेना. त्या नेहमीच्या जागी उभ्या राहून चेंडूची वाट बघत होत्या आणि चेंडू तिथं येत नव्हता. मग त्यांना धाप लागली. ती ऐकली आणि माझा हात सैल पडला, अगदी ओळखीचा, मऊ. पाच-एक, पाच-दोन, पाच-चार. वर गॅलरीत आबा पुढं वाकून बसले होते. मला वाटलं, दे बाई, दे एक गेम, बापाची भाकरी आहे.

तेवढ्यात मॅडम माझ्याजवळ आल्या आणि मायेनं म्हणाल्या, "दमलीस का गं? सावकाश खेळ हं. थोडक्यात जातं तुझं नेहमी."

त्या चांगल्या मनानं म्हणाल्या. म्हणूनच डोक्यात तिडीक गेली. दमलीस का! मी! पावसात चार महिने भिंती पुसून पुसून माझ्या बोटांची सालं निघाली होती. पुढचा चेंडू मी मागच्या कोपऱ्यात असा घातला, की त्या वळल्यासुद्धा नाहीत. पहिला गेम नऊ-चार. दुसरा नऊ-शून्य. तिसरा नऊ-शून्य. शेवटच्या गेममध्ये त्या धापा टाकत होत्या, एकदा पडल्या, उठल्या, आणि मी त्यांना काही म्हणजे काही दिलं नाही. चहा उकळून गार व्हायलाही यापेक्षा जास्त वेळ लागला असता. पंचांनी माझं नाव पुकारलं. पांढऱ्या मिशांचे गृहस्थ टाळ्या वाजवत होते. मला इतकं हलकं वाटलं, की वाटलं आता इथून पळत सुटावं ते थेट धरणापर्यंत.

परतीच्या जीपमध्ये मी आणि आबा मागं, मॅडम पुढं. भूगाव गेलं, पिरंगुट गेलं. पौडला ड्रायव्हरनं चहासाठी गाडी थांबवली. मॅडम उतरल्या नाहीत. मान न वळवता त्यांनी विचारलं, "किती दिवस चाललं होतं हे?"

आबा म्हणाले, "न्हाई मॅडम, तुमची आज तब्येत बरी न्हवती."

"मी तिला विचारतेय."

मी म्हटलं, "पहिल्यापासून."

त्यांनी केसांचा रुमाल सोडला. मग म्हणाल्या, "आणि साहेब? साहेबही?" यावर आबांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यांना हरता येत होतं, पण असं समोरून विचारल्यावर खोटं बोलता येत नव्हतं. मॅडमनी डोळ्यांना रुमाल लावला. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेबांचं बोलावणं आलं. आबांना कोर्टावर. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी गॅलरीत जाऊन बसले. साहेब आधीच आत उभे होते. आबांपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, अंगानं भरलेले, कान लाल झालेले.

"आज पूर्ण खेळायचं," ते म्हणाले. "एक चेंडू सोडलास तरी मला कळेल. समजलं?"

"जी," आबा म्हणाले.

खरं सांगते, मला आनंद झाला होता. वाटलं, आता बघा म्हणावं. नोकरी गेली तर गेली, मला बँक आहे, मी सांभाळीन दोघांना. पण एकदा, एकदाच, माझा बाप काय आहे ते या माणसाला दिसू दे.

आबांनी पहिले चार पॉइंट घेतले. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, ओरडू नये म्हणून. पाचव्याला त्यांनी चेंडू लांबच्या कोपऱ्यात मारला, तो समोरच्या भिंतीच्या तळाशी असलेल्या पत्र्यावर आदळून खणकन वाजला, म्हणजे पॉइंट गेला. पुन्हा मारला, पुन्हा पत्रा. कोपरा त्यांना दिसत होता, पण तीस वर्षांत त्यांच्या हातानं तिकडं कधी चेंडू पाठवलाच नव्हता. मग ते जोरात मारायला लागले, आणि चेंडू फिरून मधोमध, साहेबांच्या पुढ्यात. साहेब मारायचे, आबा पळायचे. साहेबांच्या वेगापेक्षा जास्त वेगानं पळायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती. पहिला गेम साहेबांचा, नऊ-सहा. दुसरा नऊ-दोन. तिसऱ्यात आबा भिंतीला धरून उभे राहत होते, आणि तरी जीव खाऊन धावत होते. मला ते बघवेना, आणि नजरही काढता येईना.

तिसरा गेमही गेला आणि साहेबांनी रॅकेट जमिनीवर आपटली.

"अजून मला मूर्ख बनवतोयस? इतकं वाईट तू आयुष्यात कधी खेळला नाहीस!"

"न्हाई साहेब," आबांना बोलताना दम पुरत नव्हता, "खरं खेळलो. जीव तोडून खेळलो."

"खोटं बोलू नकोस!"

आबांनी वर पाहिलं. "पोरी, तू सांग. तुला कळतं. सांग त्यास्नी."

मी गप्प राहिले असते तर साहेब चिडून निघून गेले असते, फार तर नोकरी गेली असती, पण आबा न हरलेले राहिले असते. त्यांच्यासाठी नसले तरी जगासाठी. माझ्यासाठी. पण खालून माझा बाप माझ्याकडं बघत होता, आणि त्याला माझ्याकडून खरं हवं होतं.

"साहेब, आबा खरंच हरले," मी म्हटलं. "तुम्ही खरंच जिंकलात."

"कशावरून?"

"खोटं हरायला मी त्यांच्याकडूनच शिकलेय. ते असं दिसत नाही."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि नवं खेळणं मिळालेल्या पोरासारखं हसू आलं. त्यांनी आबांच्या खांद्यावर थाप मारली, रॅकेट उचलली आणि गुणगुणत बंगल्याकडं गेले. आजवर मला त्यांचा कधी राग आला नव्हता. त्या हसण्याचा मात्र असा आला, की हातात रॅकेट असती तर फेकून मारली असती.

आबा मधोमध उभे होते. सदरा अंगाला चिकटला होता. त्यांनी तोंडावरचा घाम बाहीनं पुसला.

"बघ," ते म्हणाले, "किती खूश झाला माणूस."

एवढं बोलून ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी धावत जिना उतरले, बुटक्या दरवाजापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. आत जाऊन त्यांना काय म्हणायचं, ते मला कळेना. सोमवारी मला शिबिराला जायचं होतं. मी गेले, खेळले, नोकरीला लागले, पुढं कित्येकींना हरवलं. त्या दारातून आत मात्र मी परत कधी गेले नाही.